मागे पळणारा फॉरवर्ड

देवीदास मुनेश्वरच्या शोकसभेत वक्त्यांनी त्याच्या नावावर इतके गोल चढवले, की ऐकून मेलेला माणूस लाजेनं उठून बसला असता. "डीमध्ये शिरला की वाघ!" एक जण म्हणाला. "समोरच्या गोलकीपरच्या छातीत धडकी!" दुसरा म्हणाला. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. अहो, कोणता वाघ? देवीदास हॉकीत इनसाइड लेफ्टला खेळायचा, म्हणजे पुढच्या फळीत, हे खरं. पण सबंध उमेदीत त्यानं केलेले गोल मोजायला एका हाताची बोटं बाहेर काढली, तर त्यातली बहुतेक परत खिशात घालावी लागतील. हेच वक्ते तरुणपणी मैदानाच्या कडेला उभे राहून "काढा त्याले बाहेर!" म्हणून बोंबलायचे, ते मी या कानांनी ऐकलेलं आहे. आता मेल्यावर गोल वाटत होते. वाटा बापा, तुमच्या घरचं काय जातं!

माझं किराणा दुकान आदिलाबादेत त्याच मैदानाच्या फाटकासमोर. वडलांनी टाकलं, मी चालवलं. मॅच असली की दुकान भावाच्या भरवशावर टाकून मी मैदानालगतच्या नाल्याच्या पुलावर जाऊन बसायचो. तिथं आमचं एक मंडळ होतं. त्यात सभासद दोन: एक मी, दुसरे शाळेतले ड्रिलमास्तर गंगारेड्डी सार. सारांची मातृभाषा तेलुगू, पण मराठी आमच्याहून खणखणीत. गावातली बाकीची जनता सेंटर फॉरवर्डची भक्त, नाहीतर गोलकीपरची. आम्ही दोघं देवीदासचे. लोक आम्हाला 'रिव्हर्स पार्टी' म्हणायचे, कारण देवीदासचं गावानं ठेवलेलं नाव रिव्हर्स.

नाव ठेवायला आमचं गाव हुशार. झालं असं, की फॉरवर्डनं पुढं जावं, गोल करावा, अशी साधी अपेक्षा असते. देवीदास पुढं जायचा, नाही असं नाही. पण आपल्या हातून बॉल सुटला रे सुटला, की बाकीचे चार फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून "आता बॅकवाल्यांनी पाहावं" अशा थाटात उभे राहायचे आणि हा एकटा उलटा फिरून जीव खाऊन पळत सुटायचा. ज्यानं बॉल नेला त्याला आपल्या डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलाच्या, अलीकडं गाठायचा, खाली वाकून डाव्या हातानं स्टिक लांबवायचा आणि बॉल असा अलगद काढून घ्यायचा, की नेणारा चार पावलं तसाच रिकामा पळत जायचा. मग बॉल मधल्या फळीतल्या हाफकडं देऊन पुन्हा पुढं. हे सबंध वेळ. आम्ही पुलावर टाळ्या पिटायचो आणि लोक आमच्याकडं पाहून हसायचे.

मैदानावर एक लाउडस्पीकर असायचा. गोल झाला की करणाऱ्याचं नाव तेलुगूत, मग उर्दूत, मग मराठीत पुकारलं जायचं. मॅच जिंकली, की गोल करणाऱ्याला कापसाच्या बैलगाडीवर बसवून मैदानाला फेरी, कारण टीम कापसाच्या मार्केट यार्डाची होती आणि बैलगाड्यांना तिथं तोटा नव्हता. होणारा गोल ज्यानं थांबवला, त्याच्यासाठी मात्र तिन्ही भाषांत एक शब्द नव्हता. गाडीवर बसायचा तर सवालच नाही. देवीदास त्या गाडीच्या मागून पायी चालायचा, हातात सगळ्यांच्या स्टिका घेऊन.

दिसायला म्हणाल तर काही नाही. काटक, काळा, पोटऱ्या तेवढ्या दगडासारख्या. मोजे कधी वर राहायचे नाहीत, म्हणून सुतळीनं बांधायचा. बोलायचा कमी आणि जे बोलायचा ते बहुतेक वेळा एकच: "मागं कोन हाये?" कुठंही. लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी, बसमध्ये चढताना, वरातीत, मयतीत. सगळे पुढं घुसत असायचे आणि हा मान वळवून विचारायचा, "मागं कोन हाये?" एकदा मी चिडून म्हटलं, "अरे, तुझ्या मागं तुझं नशीब आहे, ते लंगडतं, त्याला येऊ दे सावकाश." तर गंभीरपणे म्हणाला, "येऊन राह्यलं ना शेट? मंग झालं."

घर तलमडुगूकडचं. वडील लहानपणीच गेलेले. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. तिनं वेचून वेचून याला मॅट्रिक केलं आणि हा यार्डात वजनकाट्यावर लागला, कापसाची बोरं, म्हणजे पोती, चढवायला-उतरवायला. टेंपररी. टेंपररी म्हणजे कापूस आला की या, कापूस संपला की जा. हॉकी चांगली खेळतो म्हणून घेतलेला, आणि हॉकी चांगली खेळतो हे कोणालाच पटत नाही अशी पंचाईत. त्याचं एकच मागणं होतं आयुष्याकडं: पर्मनंट व्हायचं आणि आईला वावरातून काढून घरी बसवायचं. ते तो कोणालाही सांगायचा, चहावाल्यालाही. "औंदा माय शेवटची वेचनी करून राह्यली," असं दर वर्षी म्हणायचा.

आता त्या गोलकीपरबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. त्याचं नाव पोशेट्टी. यार्डातला हमाल, तोही टेंपररी. देह असा, की गोलमध्ये उभा राहिला की जाळी दिसायची नाही. समोरचे दोन दात नव्हते. गावात आख्यायिका अशी, की यानं एकदा दातांनी गोल अडवला. गावानं त्याला 'गोडा' म्हणायला सुरुवात केली. गोडा म्हणजे तेलुगूत भिंत. आणि खरंच, सीझनच्या सीझन जायचे, पोशेट्टीवर गोल व्हायचा नाही. लोक म्हणायचे, "गोडा हाये तवर फिकीर नाही." गंगारेड्डी सार पुलावर बसून दात कोरत म्हणायचे, "भिंतीपर्यंत बॉल जाईल तेव्हा कळेल ना, भिंत आहे की कापडाचा पडदा आहे ते!" पण बॉल जायचाच नाही. तो तर देवीदासनं अलीकडंच काढून घेतलेला असायचा.

पोशेट्टी आणि देवीदास जिवलग. एका ताटात जेवायचे. पोशेट्टी चौथी पास, तोही मास्तरांनी कंटाळून केलेला. बोलायला मोठा. "अपुन खडे तो बॉल की हिंमत नै," असं यार्डात छाती काढून सांगायचा, आणि देवीदास शेजारी बसून भाकरी मोडत मान हलवायचा. त्या मान हलवण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा यार्डाची टीम बासरला गेली, विद्येच्या देवीच्या दर्शनाला. टुर्नामेंटच्या आधी सगळ्यांना बुद्धी मिळावी म्हणून. आमच्या फॉरवर्ड लाइनीला तिची गरज होतीच. मीही गेलो होतो. देवीदास बौद्ध, तो देवळात यायचा नाही, पण गाडीत यायला त्याची ना नव्हती. "तुमी जाऊन या. मी चपला पाह्यतो," म्हणाला. आम्ही गोदावरीत बुडी मारून, रांगेत उभं राहून, दर्शन घेऊन बाहेर आलो तर हा घामाघूम, पँट गुडघ्यावर फाटलेली. माकडांची एक टोळी चपलांवर उतरली होती. यानं एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात फुलबॅकचा बूट घेऊन त्यांच्याशी दोन हात केले होते. एक चप्पल घेऊन माकड पळालं तर त्याच्यामागं घाटाच्या पायऱ्या उतरून चप्पल परत आणली होती. चप्पल कोणाची? पोशेट्टीची. सगळ्यांनी आपापले जोडे पायात घातले. सेंटर फॉरवर्ड हात जोडून म्हणाला, "पाह्य, इतके माकडं असून एकाचीबी चप्पल गेली नाही. देवीची कृपा!" सगळ्यांनी हात जोडले. देवीदासनंही जोडले, काय करता! मी त्याला म्हटलं, "अरे, सांग ना यांना." तर म्हणे, "कायले? चपला तं हायेत ना."

पुढच्याच महिन्यात देवीदासला बाहेर काढायची गावाची मागणी मान्य झाली. निर्मलच्या टीमशी मॅच होती. यार्डाच्या सेक्रेटरी साहेबांनी देवीदासला बसवलं आणि त्याच्या जागी कोणाचा तरी भाचा घेतला, गोल मारण्यात पटाईत असलेला. भाच्यानं एक गोल मारलाही, फेरीसाठी बैलगाडी तयार झाली. पण निर्मलवाल्यांनी आमच्यावर असे धडाधड गोल चढवले की लाउडस्पीकरवाल्याला तिन्ही भाषांत ओरडायला वेळ पुरेना. शेवटी त्यानं फक्त तेलुगू ठेवली. पोशेट्टी गोलमध्ये उभा होता तसा उभा. मॅचनंतर गावानं चौकशी केली. निष्कर्ष असे: ऊन डोळ्यांवर होतं, अंपायर निर्मलच्या कोणाचा तरी साडू होता, आणि गोडाला ताप होता. पोशेट्टी स्वतः म्हणाला, ताप होता. देवीदास म्हणाला, "हो ना, लय ताप होता त्याले. मी हात लावून पाह्यला." पुलावर गंगारेड्डी सारांनी आणि मी एकमेकांकडं पाहिलं. एका माणसाला बसवलं आणि हे झालं, इतकं साधं गणित! पण गावात ऊन, साडू आणि ताप यांच्यापुढं गणिताला कोण विचारतो? पुढच्या मॅचला देवीदास परत आला, गोल थांबले, आणि लोक म्हणाले, "उतरला बरं का गोडाचा ताप."

मग ती दसऱ्याच्या टुर्नामेंटची फायनल. यार्डात चौकीदाराची एक जागा निघाली होती, पर्मनंट. टेंपररी खेळाडू दोनच उरलेले, देवीदास आणि पोशेट्टी. सेक्रेटरी साहेबांनी दोघांना समोर उभं करून स्वच्छ सांगितलं, "जगा एकच है. फायनल में जो चमका, उसकी." गावभर झालं. मला झोप येईना. अहो, चमकायचं कसं देवीदासनं? त्याचं काम असं, की ते नीट झालं तर दिसतच नाही. आणि पोशेट्टीनं? त्यानं नुसतं उभं राहायचं! म्हणजे देवीदासनं जितकं चांगलं खेळावं तितकी जागा पोशेट्टीला. मी आदल्या दिवशी त्याला दुकानात बोलावलं, गूळ-शेंगदाणे पुढं ठेवले आणि हात जोडले. "बाबा, उद्या एक दिवस मागं पळू नको. एक गोल मार. एकच. तुझी माय वावरातून सुटंल."

त्यानं मूठभर शेंगदाणे सोलून अर्धे माझ्यापुढं सारले. मग म्हणाला, "हो शेट. उद्या नाही पळत." सेंटर फॉरवर्डही माणूस बरा होता. त्यानंही त्याला सांगून ठेवलं, "तू त्यायच्या गोलासमोर डाव्या बाजूले उभा राह्य. मी उजवीकडून बॉल घालतो. तुले फक्त स्टिक लावायची हाये."

समोर निजामाबादची टीम. शामियान्यात सेक्रेटरी साहेब, पुलावर आम्ही. देवीदासची माय पण आली होती त्या दिवशी, पहिल्यांदाच. शामियान्याच्या बाहेर सावली पाहून बसली होती आणि शेजारच्या बाईला विचारत होती, "माहा कोनता?" बाई सांगायची, "तो, पुढं उभा हाये तो." मायला बरं वाटायचं.

आणि खरंच तो पुढं उभा राहिला. अर्धा वेळ तो मागं पळाला नाही. मी पाहत होतो ना! बॉल मागं गेला की त्याची मान वळायची, पाय वळायचे, आणि तो स्वतःला धरून उभा राहायचा. नशिबानं आमच्या बॅकवाल्यांना त्या दिवशी आपलं काम आठवलं होतं. उत्तरार्धात सेंटर फॉरवर्डनं गोल केला. आम्ही एकनं पुढं. आता देवीदासचा तेवढा व्हायचा राहिला होता.

शेवटाकडं ती वेळ आली. सेंटर फॉरवर्ड उजवीकडून बॉल घेऊन निघाला. निजामाबादचे सगळे त्याच्यामागं गेले आणि डाव्या बाजूला, गोलासमोर, देवीदास एकटा. एकटा म्हणजे दहा पावलांवर माणूस नाही. मी पुलावर उभा राहिलो. गंगारेड्डी सारांनी माझा दंड आवळला. इतक्यात त्यांच्या फुलबॅकनं बॉल हिसकला आणि लांब मारला, आमच्या अर्ध्या मैदानात. तिथं त्यांचा एक हडकुळा विंगर होता, वाऱ्यासारखा पळणारा. आमचे बॅक सगळे दुसऱ्या गोलाची गंमत पाहायला पुढं आलेले. विंगर, बॉल आणि समोर पोशेट्टी. मध्ये कोणी नाही.

मी ओरडलो, "देवीदास, थांब! नको जाऊ!" सेंटर फॉरवर्ड ओरडला, "थांब बे!" अख्खं मैदान ओरडत होतं. देवीदास वळला. त्या गोलापासून या गोलापर्यंत तो माणूस कसा पळाला ते मी काय सांगू! सुतळी तुटली, मोजे घोट्यावर आले. विंगर डीमध्ये शिरला, स्टिक उचलली, आणि यानं मागून अंग टाकून, आडवा होऊन, स्टिकच्या टोकानं बॉल काढला. तो आमच्या हाफकडं गेला. हाफनं दणकून पुढं मारला, सेंटर फॉरवर्डनं घेतला आणि ठरल्याप्रमाणं डावीकडं घातला, बरोबर त्या जागी. बॉल उघड्या गोलासमोरून आरामात घरंगळत गेला आणि बाहेर पडला. तिथं कोणी नव्हतं. ती रिकामी जागा सगळ्या गावानं पाहिली. ज्या जागेवरून बॉल काढला, ती कोणीच पाहिली नाही. "कुठं गेला रिव्हर्स? हाट् तिच्या!" म्हणून लोकांनी टोप्या आपटल्या.

शामियान्यात सेक्रेटरी साहेब मात्र खुश. विंगर अंगावर आला तरी पोशेट्टी जागचा हलला नव्हता. साहेब शेजारच्याला म्हणाले, "वो देखो गोडा को. हिला बी नै. इसको बोलते जिगर." जागा तिथंच भरली.

संध्याकाळी बैलगाडीवर सेंटर फॉरवर्ड आणि पोशेट्टी. मागून स्टिका घेऊन देवीदास, कोपर सोललेलं. त्याची माय त्याच्या बाजूनं चालत होती. तिनं त्याला विचारलेलं मी ऐकलं, "तुले काऊन नाही बसवलं रे गाडीवर?" तो म्हणाला, "जागा नाही ना माय, दोघंच बसतेत." त्या दिवशी मला त्याचा इतका राग आला की मी चार महिने त्याच्याशी बोललो नाही. तो रोज दुकानासमोरून जायचा, "शेट, बरं हाये ना?" विचारायचा, आणि मी तराजू पुसत बसायचो.

मायनं पुढं कितीतरी वर्षं कापूस वेचला. सेक्रेटरी बदलले, नव्यांना हॉकीचं वेड नव्हतं, टीम मोडली, टेंपररी लोक निघाले. देवीदासनं उशिरा मास्तरकीचं ट्रेनिंग केलं आणि बाजारहत्नूरकडच्या एका शाळेत लागला. पर्मनंट. मायला त्यानं घरी आणून बसवलं तेव्हा ती कमरेत वाकलेली होती. तेव्हापासून रविवारी आदिलाबादला आला की दुकानात यायचा आणि मी त्याला दर वेळी तोच सवाल करायचो: "काऊन पळाला तू त्या दिवशी?" दर वेळी वेगळं उत्तर. कधी "सवय ना शेट, पाय ऐकत नाही." कधी "तो हडकुळा लय मिजास करून राह्यला होता." एकदा म्हणाला, "त्याची चौथी झाली, माही मॅट्रिक. मले कुठंबी जमलं असतं." मी म्हटलं, "मोठा आला दानशूर! मायला विचारलं होतं का?" त्यावर तो चहा पिऊन उठून गेला. मला वाटायचं, हा मूर्ख आहे. आवडता मूर्ख, पण मूर्ख. पोशेट्टीवर तर माझा दातच होता. चौकीदाराच्या टोपीत यार्डाच्या फाटकावर बसून तो नव्या पोरांना आपण अडवलेल्या गोलांच्या गोष्टी सांगायचा, आणि ते गोल दर वर्षी वाढत होते.

मी देवीदासला शेवटचं पाहिलं ते पोशेट्टीच्या रिटायरमेंटच्या कार्यक्रमात. त्यानंतर तो आजारी पडला, हैदराबादला लेकाकडं नेला, आणि तिकडून बातमीच आली.

कार्यक्रम यार्डानं मैदानावरच ठेवला होता. स्टेजवर पोशेट्टी, गळ्यात हार, अंगावर शाल, नवे दात बसवलेले. मागच्या रांगेत मी आणि देवीदास. देवीदास आता मास्तर, पांढरा शर्ट, पायात चप्पल, गुडघे गेलेले. स्टेजवर एकामागून एक जण गोडाचे गुण गात होते. माझी बडबड चालूच. "पाह्य, पाह्य तुझा गोडा," मी म्हटलं. "ज्याला आयुष्यात बॉल शिवला नाही त्याला शाल!" देवीदास म्हणाला, "हळू बोला ना शेट."

यार्डाचा नवा सेक्रेटरी तरुण होता, शिकताना हॉकी खेळलेला. त्याला एकाएकी उत्साह आला. माईकवर म्हणाला, "आज गोडाला आपण एक पेनल्टी स्ट्रोक मारणार! पाहू म्हातारी भिंत अजून किती मजबूत आहे!" टाळ्या, शिट्ट्या. कोणीतरी स्टिक आणली, बॉल आणला. पोशेट्टीला चार जणांनी स्टेजवरून उतरवून, हारासकट, शालीसकट गोलमध्ये नेऊन उभं केलं. तो हसत होता, पण तोंड राखेसारखं पडलेलं. "नको साहेब, वय झालं," म्हणत होता. कोण ऐकतो! सेक्रेटरीनं कोट काढला, बाह्या सारल्या.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. पाहतो तर देवीदास नाही. तो खुर्च्यांमधून वाट काढत, मग मैदानावरून, त्या गेलेल्या गुडघ्यांनी पळत होता. चप्पल सुटून मागं पडली. सेक्रेटरीनं बॉल मारला, जोरात, तरुण माणूस, त्याला काय अंदाज! आणि देवीदास मध्ये आला. बॉल त्याच्या नडगीवर बसला, त्याचा आवाज मला मागच्या रांगेत आला.

लोक हसले. "ओ मास्तर, फाउल!" "हटा ना बाजूला, पेनल्टीत कोणी मध्ये येतं का?" सेक्रेटरी वैतागून म्हणाला, "कोण आहेत हे? नियम माहीत नाहीत तर कशाला मध्ये यायचं?" मी उठलो, त्याला धरायला म्हणून धापा टाकत तिथं पोचलो, आणि मग मी पोशेट्टीकडं पाहिलं. इतक्या जवळून, गोलाच्या समोरून, मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

तो हलला नव्हता. दोन्ही हात छातीशी धरून, डोळे घट्ट मिटून उभा होता. एवढा मोठा माणूस, गळ्यातला हार थरथरत होता. ते दात गेले त्या दिवसापासून तो असाच उभा राहत होता, प्रत्येक मॅचला, फायनललासुद्धा. ते गावाला दिसलं नाही, सारांना नाही, पुलावर बसून स्वतःला जाणकार समजणाऱ्या मला नाही. एकट्या देवीदासला माहीत होतं. आणि त्यानं ते ना मला सांगितलं, ना मायला.

देवीदासनं नडगी चोळली नाही. तो वळून पोशेट्टीच्या अगदी जवळ गेला आणि मागं हसणाऱ्या लोकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला, "उघड बे डोळे. गेला बॉल."